पंडिता रमाबाई : घरची पाठशाळा

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या जुन्या मराठी घरांत अजूनही थोडे जपून घेतले जाते. त्यांच्या संस्कृत पांडित्याचा अभिमान वाटतो, विधवांसाठी आणि दुष्काळग्रस्त मुलींसाठी त्यांनी केलेल्या कामापुढे मान लवते. पण त्यांच्या धर्मांतराचा विषय निघाला की बोलणे आखडते. त्यांचे चरित्र यापूर्वी अनेकांनी लिहिले आहे. येथे त्या चरित्रातील एकच धागा हाती घ्यावयाचा आहे. मुलाला धर्म कोणी शिकवावा, कोठे शिकवावा आणि धर्मग्रंथाची भाषा त्याच्या कानावर कशी पडावी, हा तो धागा होय. रमाबाई आयुष्यात तीनदा या प्रश्नासमोर उभ्या राहिल्या : प्रथम कन्या म्हणून, मग आई म्हणून आणि शेवटी बायबलच्या भाषांतरकार म्हणून. तिन्ही वेळा त्यांना किंमत मोजावी लागली.

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. खानापूर तालुक्यातील लोंढा जंक्शनवर बेळगावची, हुबळीची आणि गोव्याची वाट एकत्र येते. फलाटावर मराठी, कानडी आणि कोकणी एकाच वेळी कानावर पडतात. अशा मुलखात बाजाराची भाषा एक, शाळेची दुसरी आणि देवघराची तिसरी असणे नवलाचे नाही. घरात आई जी भाषा जपेल तीच मुलाची होते, हे येथील माणसाला सांगावे लागत नाही. लोंढ्यापुढे गाडी कॅसलरॉकचा घाट उतरते आणि मडगावकडे, म्हणजे साष्टी प्रांतात जाते. याच साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तपुराण रचले. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली वारला. त्याचा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे छापला गेला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरांतून पुराणश्रवण सुटले होते, त्याची उणीव भासत होती. ती भरून काढण्यासाठी त्याने आपल्याच मातीतला ओवी छंद घेतला. ओवी ही जात्यावर बसणाऱ्या बाईच्या गळ्यातली चीज आहे. ती बाईच्या तोंडी बसली की मुलाच्या कानी पडतेच. मराठीत ख्रिस्ती धर्मग्रंथ घराच्या उंबऱ्याच्या आत नेण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता. रमाबाईंचा प्रयत्न त्यानंतर तीन शतकांनी झाला, आणि त्यांनी निवडलेली वाट जवळजवळ उलट दिशेची होती. ती का, हे समजण्यासाठी त्यांच्या बालपणाकडे वळले पाहिजे.

हाच सह्याद्री दक्षिणेकडे धरत गेले की दाट अरण्यात गंगामूळ लागते. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्यांचा उगम तेथला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे मंगळूरकडील माळहेरंबी गावचे चित्पावन. कानडी-तुळू मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही घरात मराठी टिकवून धरलेल्या घराण्यांपैकी ते एक. अनंतशास्त्री विद्येसाठी पुण्यास आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांचे शिष्य झाले. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. गुरूबरोबर वाड्यात जाणाऱ्या या तरुण विद्यार्थ्याच्या कानी एका स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत श्लोक पडले. आपली पत्नीही असे म्हणेल, हा ध्यास त्यांनी तेथेच घेतला. पुढे म्हैसूरच्या राजाच्या आश्रयाने त्यांना मान आणि धन दोन्ही लाभले, पण हा ध्यास सुटला नाही. प्रथम पत्नीच्या बाबतीत घरच्यांनी तो सिद्धीस जाऊ दिला नाही. तिच्या निधनानंतर, वयाच्या ४४ व्या वर्षी, पैठणला गोदाकाठी त्यांनी एका यात्रेकरू ब्राह्मणाच्या नऊ वर्षांच्या कन्येशी विवाह केला. हीच रमाबाईंची आई लक्ष्मीबाई.

लक्ष्मीबाईंना अनंतशास्त्र्यांनी संस्कृत शिकविण्यास आरंभ केला तेव्हा जातभाई खवळले. हा धर्मबाह्य वर्तनाचा आरोप होता आणि त्याचा अर्थ बहिष्कार असा होता. अनंतशास्त्री वादास भ्याले नाहीत. उडुपीच्या पंडितांपुढे उभे राहून त्यांनी शास्त्रवचनांच्या आधारे आपली बाजू मांडली. स्त्रीला वेद वर्ज्य, परंतु पुराणे, काव्ये आणि इतर संस्कृत वाङ्मय शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. हा अपवाद येथेच ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याच अपवादाशी त्यांच्या मुलीला झगडावे लागले. वादात हार झाली नाही, तरी लोकांचे मन वळले नाही. शेवटी शास्त्रीबोवांनी गंगामूळच्या रानात झोपडी बांधली आणि पत्नीस तेथे शिकविले. विद्यार्थी येत, अतिथी येत, आणि सर्वांचे आदरातिथ्य करता करता गाठची पुंजी संपली. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने घर सोडले आणि तीर्थयात्रेची वाट धरली. तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यात घालून हमालाच्या डोक्यावरून डोंगराखाली आणण्यात आले.

रमाबाईंची शाळा अशी वाटेवरची होती. वडील वृद्ध झाले होते, म्हणून शिक्षणाचा भार आईने उचलला. दिवसभर चालणे, मुक्काम, चूल आणि पुराणवाचन. शिकवायला उरायची ती पहाट. पाखरे जागी होण्याआधी लक्ष्मीबाई मुलीला उठवीत, जवळ घेत आणि श्लोक म्हणवून घेत. वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत हे चालले. पाटी नाही, पुस्तक फारसे नाही. आईने म्हणावे आणि मुलीने तसेच म्हणावे. भागवताचे अठरा हजार श्लोक या रीतीने मुखोद्गत झाले. व्याकरण, कोश, काव्ये हीही अशीच आली. गवयाच्या घरात वाढलेल्या माणसाला ही रीत ओळखीची आहे. आमच्याकडेही चीज प्रथम कानातून येते आणि तिचा अर्थ मागाहून उमगतो. रमाबाईंची विलक्षण स्मरणशक्ती हे काही अंशी दैवी देणे असेल. पण तिच्यामागे रोजची पहाट मोडून बसलेली एक आई होती, हे विसरून चालणार नाही.

या रीतीचा दुसरा चेहराही रमाबाईंनी लहानपणीच पाहिला. डोंगरे कुटुंब पुराणिकाचा व्यवसाय करी. देवळाच्या ओवरीत, नदीच्या घाटावर पोथी उघडायची आणि संस्कृत पुराण मोठ्याने वाचायचे. बायाबापड्या जमत, फुले, फळे, धान्य, पैसा ठेवीत आणि श्रवणाचे पुण्य पदरी घेऊन जात. वाचलेले समजले पाहिजे, अशी त्यांची अपेक्षा नसे. कळणारे वाचक एका बाजूस आणि न कळणारे श्रोते दुसऱ्या बाजूस, अशी ती मांडणी होती. आमच्या पेशातही हा दोष आहेच. कानावर विसंबून पिढ्यान्‌पिढ्या गायिलेल्या कित्येक बंदिशींचे शब्द इतके झिजले आहेत की त्यांचा अर्थ गाणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि गुरूला तो विचारण्याची पद्धत नाही. ध्वनी शुद्ध राहतो, अर्थ हरवतो. रमाबाई या मांडणीत कळणाऱ्यांच्या बाजूस बसल्या होत्या. समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावरचे न कळणे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. दान थांबले, धान्य संपले, झाडपाल्यावर दिवस निघाले. शास्त्रीबोवांना शारीरिक कष्टाची सवय नव्हती आणि भिक्षा मागण्याची लाज होती. त्यातच प्रथम वडील, मग आई आणि त्यानंतर थोरली बहीण अशी तिघे गेली. आईच्या तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा मुलीने स्वतः भार उचलला. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, हजारो मैल पायी भटकली. एवढी व्रते, एवढी पारायणे करूनही पदरी हे फळ का यावे, हा प्रश्न दोघांच्याही मनात घर करून बसला.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती असे गौरविले. एका विशीतल्या अविवाहित मुलीने अस्खलित संस्कृतात उत्तरे द्यावीत, हा चमत्कारच मानला गेला. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली. बापाने निषिद्ध मानलेली सीमा येथे ओलांडली गेली. त्याच शहरात काही ख्रिस्ती मंडळींनी त्यांना संस्कृत बायबल भेट दिले. रमाबाईंनी ते उघडून पाहिले, पण त्यात त्यांचे मन रमले नाही. संस्कृत तर त्यांच्या आईच्या दुधाबरोबर आलेले. तरीही त्या पुस्तकातील संस्कृत त्यांना आपल्या ओळखीचे वाटले नाही. शास्त्राची थोर भाषा घेतली म्हणजे ग्रंथ आपोआप हृदयात शिरतो असे नाही, हा अनुभव त्यांना अशा रीतीने बायबलच्या पहिल्याच भेटीत आला.

१८८० साली श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला आणि त्या आसामातील सिल्चर येथे राहावयास गेल्या. १६ एप्रिल १८८१ रोजी मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा ठेवले. सिल्चरच्या घरातच त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि ती त्यांनी आवडीने वाचली. संस्कृतात जे दूर राहिले होते, ते लोकभाषेत जवळ आले. पण संसार दोन वर्षेही टिकला नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. दहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन रमाबाई महाराष्ट्रात आल्या. पुण्यास आर्य महिला समाज स्थापन झाला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून झाले, हंटर कमिशनपुढे साक्ष झाली. पुण्यातील मिशनच्या भगिनींशी परिचय झाला आणि फादर नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने मनाची घालमेल वाढली. हे गोरे म्हणजे पूर्वाश्रमीचे काशीचे नीळकंठशास्त्री. तेही संस्कृत पंडित आणि तेही चित्पावन.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे रमाबाई आपली बुद्धी गहाण टाकून बसल्या, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी वाँटेजच्या मठवासिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पाहावा. त्यांच्या धर्मगुरू-भगिनी जेराल्डिन यांना ही नवी शिष्या हवी तशी नम्र सापडली नाही. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून एखादा सिद्धान्त मानावयाचा, हे रमाबाईंना पटेना. जे शास्त्रात स्वतः वाचून पटेल तेवढेच मी स्वीकारीन, अशी त्यांची भूमिका होती. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमच्याकडच्या क्रुसावर संस्कृत अक्षरे का असू नयेत, देवाला लॅटिन अधिक प्रिय आहे काय, असाही मुद्दा त्यांनी काढला. आहार शेवटपर्यंत शाकाहारी ठेवला. बापाने उडुपीला जे केले, तेच मुलगी इंग्लंडात करीत होती.

खरा पेच मनोरमेवरून पडला. मुलगी लहान, आई चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकण्यात व शिकविण्यात गुंतलेली. म्हणून मनोरमेची देखभाल पुष्कळ वेळा मठात होई. तेथील भगिनींनी तिच्यावर जीव लावला, यात संशय नाही. परंतु तिला धर्माचे कोणते पाठ द्यावयाचे, हे कोणी ठरवावे? भगिनींचे म्हणणे असे की बाप्तिस्म्यानंतर मूल चर्चचे आहे आणि चर्चची परंपराच त्याला शिकविली पाहिजे. रमाबाईंचे म्हणणे असे की मला स्वतःला जे पटलेले नाही ते माझ्या मुलीच्या तोंडी घालू नये. तिच्या शिक्षणाची जबाबदारी आईची आहे. मुलगी आपल्या माणसांत, आपल्या देशात वाढावी, तिने इंग्रज होऊ नये, हीही त्यांची तळमळ होती. भगिनींच्या उपकाराखाली दबलेल्या, परदेशात निराधार असलेल्या विधवेला हे लिहिणे सोपे गेले नसेल. श्रवणशक्ती मंद झाल्यामुळे वैद्यकीचे शिक्षण घेण्याचा बेतही तेव्हा मोडला होता. तरी त्या हटल्या नाहीत. आपल्याला आईने घडविले, आपल्या मुलीला दुसऱ्या कोणी घडवावे हे त्यांना मान्य होण्यासारखे नव्हते.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या. निमित्त होते डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात तो झाला. याच आनंदीबाईंची कोल्हापूर संस्थानने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक केली होती. करवीरला त्यांची सेवा लाभावयाची नव्हती, १८८७ च्या फेब्रुवारीत त्या पुण्यास वारल्या. अमेरिकेत रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली आणि हिंदू विधवांच्या शाळेसाठी मंडळ उभे केले. या धावपळीत मायलेकींना काही काळ वेगळे राहावे लागले. १८८९ साली त्या मायदेशी परतल्या आणि ११ मार्चला मुंबईत शारदासदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या सदनाच्या आरंभीच्या विद्यार्थिनी होत.

सदनाची अट अशी होती की तेथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही. प्रत्येकीने आपापला धर्म पाळावा. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती, ती या भरवशावर. रमाबाईंनी वर्गात धर्म शिकविला नाही. परंतु स्वतःच्या खोलीत त्या रोज मनोरमेला जवळ घेऊन बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. ते त्यांचे घर होते आणि ती त्यांची मुलगी होती. लक्ष्मीबाईंनी पहाटे जे केले, तेच येथे दुसऱ्या ग्रंथाने चालले होते. खोलीचे दार मात्र उघडे असे. सदनातील मुली दाराशी येत, आत येऊन बसत, ऐकत. पुढे काही जणी रोज येऊ लागल्या.

गावात बोभाटा झाला. केसरीने झोड उठविली. मुलींना आडवाटेने ख्रिस्ती करण्याचा हा डाव आहे, असा आरोप झाला. सल्लागारांनी सुचविले की प्रार्थना खुशाल करावी, पण दार लावून करावी. पालकांच्या संमतीवाचून मुलींना आत येऊ देऊ नये. रमाबाई दार लावावयास तयार झाल्या नाहीत. मी कोणास बोलावीत नाही आणि कोणास हाकलणारही नाही, असा त्यांचा निश्चय होता. १८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि वीसहून अधिक मुली सदनातून काढून नेण्यात आल्या. काही महिन्यांत सारे मोडते की काय, अशी वेळ आली.

या वादात कोणाची बाजू न्याय्य होती, हे सव्वाशे वर्षांनंतर सांगणेही सोपे नाही. पालकांनी मुली विश्वासाने सोपविल्या होत्या. अल्पवयीन, दुःखी, आधाराला आसुसलेल्या मुलींवर, जिने त्यांना आसरा दिला तिच्या प्रार्थनेचा परिणाम होणारच. उघडे दार हे या परिस्थितीत निमंत्रणच ठरते, असे रानड्यांसारख्या समंजस माणसाला वाटले, तर त्यांना दोष देता येत नाही. उलट बाजूने पाहता, रमाबाईंच्या दृष्टीने दार लावणे म्हणजे आपल्या मुलीला असे शिकविणे होते की आईचा धर्म ही लपविण्याची गोष्ट आहे. ज्या मुलीसाठी वाँटेजच्या मठाशी त्या भांडल्या, तिच्यासमोर असा धडा घालून देणे त्यांना शक्य नव्हते. वडिलांनीही लोकांच्या भीतीने आईचे शिकणे थांबविले नव्हते. रानात गेले, पण शिकविले. आपण घरात मुलांना संध्या, स्तोत्रे, हरिपाठ शिकवितो तेव्हा दार लावून घेत नाही. मात्र आपल्या घरात दुसऱ्यांची मुले विश्वासाने सोपविलेली नसतात, हेही तितकेच खरे. वाचकांनी दोन्ही पारडी तोलून पाहावीत.

यानंतर रमाबाईंचे आयुष्य केडगावच्या माळावर गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतःच्या कोवळ्या वयात सोसलेली भूक त्यांना आठवत होती. तेथून आणि १९०० च्या गुजरातच्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. मुक्तिसदनात एके काळी दोन हजारांच्या घरात माणसे राहत. शेती, विणकाम, दूधदुभते, छापखाना, सारे बायकांच्या हाती. येथे धर्मशिक्षण उघडपणे दिले जाई. मनोरमा इंग्लंड-अमेरिकेत शिकून आली आणि आईच्या उजव्या हाताप्रमाणे उभी राहिली. शारदासदनची शाळा तिने सांभाळली, अंध मुलींना ब्रेल शिकविण्याची व्यवस्था केली. घरच्या पाठशाळेचे फळ रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले, एवढे समाधान त्यांना लाभले.

पण आता समोर दुसऱ्याच लेकी होत्या. खेड्यापाड्यांतून, रानावनांतून आलेल्या या मुलींना मराठी बायबल वाचून दाखविले तरी पुष्कळसे कळत नसे. मराठीत बायबल तोवर नवे नव्हते. श्रीरामपूरला विल्यम केरीने १८११ साली नवा करार छापला होता, १८२६ साली मुंबईत अमेरिकन मिशनचा निघाला, पुढे बायबल सोसायटीच्या आवृत्त्या सुधारत गेल्या. पण या भाषांतरांना शास्त्री-पंडितांचा हात लागलेला होता. भाषा संस्कृतप्रचुर, आणि शब्दांमागे वेदान्ताच्या व पुराणांच्या जुन्या छटा उभ्या. रमाबाईंना त्या छटा इतरांपेक्षा अधिक दिसत, कारण त्या त्यांना पाठ होत्या. एखादा शब्द ऐकला की तो कोणत्या दर्शनातून आला, हे त्यांना तत्काळ कळे. बायबलचा अर्थ त्या शब्दांनी झाकोळतो, अशी त्यांची खात्री झाली. मग मूळ गाठावे म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सारे बायबल नव्याने, सोप्या मराठीत आणावयास बसल्या.

या कामाला सुमारे अठरा वर्षे लागली. खिळे जुळविणाऱ्या, यंत्र चालविणाऱ्या, पाने बांधणाऱ्या साऱ्या मुक्तिसदनातील स्त्रिया होत्या. भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत असलेली ही विदुषी प्रत्येक ओळीतून संस्कृत शब्द वेचून बाहेर काढीत होती आणि त्या जागी कुणबिणीच्या तोंडी बसेल असा शब्द शोधीत होती. स्टीफन्सने साष्टीत पुराणाचा साज चढविला, कारण त्याच्या श्रोत्यांना तो साज ओळखीचा आणि प्रिय होता. रमाबाईंनी तो उतरविला. देवळाच्या ओवरीत पुराण ऐकून न समजता उठून जाणाऱ्या बायका त्यांना पक्क्या आठवत असाव्यात. आपल्या हातून पुन्हा तसे होऊ नये, वाचणारी एक आणि समजणारी दुसरीच कोणी, असे राहू नये, हा या खटाटोपाचा हेतू होता. ज्या बाईला अक्षरओळख आहे, तिने संध्याकाळी आपल्या मुलाला जवळ घेऊन वाचावे आणि दोघांनाही कळावे, एवढी माफक अपेक्षा.

नियतीने येथेही त्यांना सोडले नाही. ज्या मुलीच्या हाती सारे सोपवावयाचे, ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी वारली. आई, बाप, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी एकुलती एक मुलगी. रमाबाईंनी सर्वांना पोचविले. तरी मुद्रितांचे काम थांबले नाही. काम पुरे होईतो दिवस मिळावेत, अशी त्या प्रार्थना करीत आणि शेवटची मुद्रिते तपासून होताच त्यांनी देह ठेवला, असे त्यांच्या सहवासातील मंडळी सांगत आली. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

हे भाषांतर मराठी मंडळींच्या उपासनेत रुळले नाही. चर्चमधून बायबल सोसायटीचेच भाषांतर वाचले जात राहिले. मूळ भाषेला अक्षरशः चिकटून राहण्याच्या हट्टामुळे रमाबाईंची वाक्ये काही ठिकाणी अडखळतात, हा आक्षेप खोटा नाही. शिवाय कानाला एकदा सवय झालेले शब्द माणसे सहसा सोडीत नाहीत. प्रार्थनेतले तर मुळीच नाहीत. ज्या ध्वनीने आईने शिकविले त्याच ध्वनीने म्हणावे असे वाटते, मग दुसरा पाठ कितीही शुद्ध असो. गाण्यातही असेच घडते. शुद्ध पाठ दाखविला तरी शिष्य घरच्या उस्तादाचा अपपाठच गातो, आणि त्याच्या त्या निष्ठेवर रागावताही येत नाही.

तेव्हा ग्रंथ म्हणून रमाबाईंचे बायबल मागे पडले, असेच म्हणावे लागेल. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र ख्रिस्ती घरांपुरता राहिलेला नाही. आपल्या देवघरात रामरक्षा, अथर्वशीर्ष, विष्णुसहस्रनाम मुले आजही पाठ करतात, आणि त्यांतील किती अर्थ त्यांच्यापर्यंत पोचतो हे आपण क्वचितच पाहतो. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर ज्ञानेश्वरीही आता संस्कृताइतकीच दूर गेली आहे. लक्ष्मीबाईंनी ध्वनी दिला आणि तो इतका पक्का दिला की मुलीला त्यातून पुढे जाता आले. मुलीने अर्थ देण्यासाठी आयुष्य वेचले. मुलांना शिकविताना या दोहोंपैकी एकावर भागवावे असे वाटण्याचा मोह मोठा असतो. डोंगरे घराण्यातील या मायलेकींची हकीकत पाहिली म्हणजे दोन्हींना किती पहाटा लागतात, याचा अंदाज येतो.

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागते. मुक्तिसदन तेथे आजही आहे आणि निराधार स्त्रिया व मुले तेथे आसरा घेतात.